उशाशी रिव्हॉल्व्हर ठेवल्याने घर सुरक्षित होते का?

प्रश्न : मी 66 वर्षांचा निवृत्त अभियंता असून पत्नीसह पौडजवळ एका छोट्या बंगल्यात राहतो. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या बंद बंगल्याचा कडीकोयंडा उचकटून चोरी झाली. तेव्हापासून पत्नीला रात्री झोप लागत नाही. स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा, असे माझ्या मनात आहे. एका परिचिताने तर ‘परवान्याच्या भानगडीत पडू नका, वीस-पंचवीस हजारांत काम होईल’ असे सुचवले. शस्त्र जवळ असल्याने माणूस खरोखरच अधिक सुरक्षित होतो का? नोकरी गेल्यापासून आमचा मुलगाही इथेच असतो. तो जरा खचलेला आहे, पण रात्री घरात तेवढीच सोबत आहे.

उत्तर : आधी त्या परिचिताविषयी. सातपुड्यातील उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी पिस्तूल पुण्यातील गुन्हेगारीत किती मुरले आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचतच असाल. असे शस्त्र नुसते जवळ बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि ते याआधी कोणाच्या रक्तात माखले होते, हे विकणारा कधीच सांगत नाही. या माणसाशी पुन्हा या विषयावर बोलूही नका.

आता परवान्याविषयी. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवाना हा नागरिकाचा हक्क नाही. पुणे ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकारी आणि शहरात पोलीस आयुक्त तो देतात. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, जिवाला खरोखर धोका आहे का हे पाहिले जाते आणि 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. शेजारी झालेली एक चोरी एवढे कारण पुरेसे ठरेल, असे मला वाटत नाही. परंतु परवाना मिळाला असे धरून चालू, कारण तुमचा मूळ प्रश्न त्यापुढचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकाराच्या घरी रात्री अडीचच्या सुमारास दरोडा पडला. त्यांच्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर होते आणि ते त्यांनी अगदी शिस्तीने ठेवले होते : शस्त्र गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात, काडतुसे वेगळ्या डब्यात आणि किल्ल्यांचा जुडगा देवघरातल्या खुंटीवर. मागच्या दाराचा आवाज झाला, त्यांनी चाचपडत चष्मा शोधला, आणि तो डोळ्यांवर चढेपर्यंत तिघे जण खोलीत उभे होते. पत्नीच्या गळ्याशी कोयता लागल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने किल्ल्या काढून दिल्या. दागिन्यांबरोबर रिव्हॉल्व्हरही गेले. पुढे कित्येक महिने ते दागिन्यांपेक्षा त्या शस्त्राच्या चौकशीसाठीच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत होते.

यात त्यांचा काहीही दोष नव्हता, आणि मला नेमके तेच सांगायचे आहे. घरातल्या माणसांपासून सुरक्षित राहील असे शस्त्र ठेवले, तर ते दरोडेखोराच्या वेळी हाताशी येत नाही, आणि हाताशी येईल असे भरून उशाशी ठेवले, तर ते घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी येते. या पेचातून चांगली सुटका मला तीस वर्षांच्या वकिलीत सापडलेली नाही.

यावर सर्वाधिक संशोधन अमेरिकेत झाले आहे, कारण तिथे घरोघरी बंदुका आहेत. बंदूक दाखवून हल्लेखोराला पळवून लावणारी माणसे तिथे नक्कीच आहेत. मात्र अशा घटना वर्षाला किती घडतात, याचे अंदाज एका सर्वेक्षणात सुमारे 25 लाख, तर सरकारी गुन्हे सर्वेक्षणात लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, इतके दूरदूरचे आहेत. 1993 च्या एका गाजलेल्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरांत खून होण्याचा धोका सुमारे 2.7 पट आढळला. त्यावर, ज्यांना आधीच धोका असतो तेच बंदूक घेतात, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त होता. पण 2022 मध्ये कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासाने स्वतः बंदूक न बाळगणाऱ्या, परंतु पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्या माणसांकडे पाहिले. जोडीदाराच्या गोळीने मरण येण्याचे प्रमाण त्यांच्यात, बंदूक नसलेल्या घरांतील माणसांच्या तुलनेत, सात पट निघाले आणि त्या बळींपैकी 84 टक्के स्त्रिया होत्या. आपला देश वेगळा आहे, हे मान्य. घरातला राग मात्र तसा वेगळा नाही. मुळशीतील जमिनीच्या वादात हातात पिस्तूल घेतलेल्या एका महिलेची चित्रफीत 2024 च्या जुलैमध्ये राज्यभर पाहिली गेली आणि त्या प्रकरणात अटकही झाली, हे तुमच्या तालुक्याला सांगायला नको.

गोळी झाडल्यानंतर काय, याचाही विचार करा. भारतीय न्याय संहितेतील कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाचा अधिकार देतात, आणि सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीत तो बराच विस्तृत आहे. तरीही गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत लागलेली गोळी न्यायालयात बचाव म्हणून मांडणे फार अवघड जाते. अंधारात समोरचा येतो आहे की जातो आहे, हे 66 व्या वर्षी झोपेतून उठून ठरवायचे असते.

आणि आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्याबद्दल. मुलगा खचलेला आहे, हे तुम्ही सोबतीच्या संदर्भात सहज लिहून गेलात. मी मात्र ते वाक्य वाचून थांबलो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. निराशेची लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते आणि माणूस त्यातून बाहेर येतो, पण हाताशी बंदूक असेल तर ते तास त्याला मिळत नाहीत. केवळ या एका कारणासाठी मी तुम्हाला आज अर्ज करू नका असे सांगेन, मग बाकी सगळे मुद्दे तुमच्या बाजूने का असेनात. त्याच्याशी बोला, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. 14416 हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या मोफत सरकारी सेवेचा दूरध्वनी क्रमांक असून तिथे मराठीतही बोलता येते.

घरासाठी दोन्ही दारांना बाहेरून जाळीचे लोखंडी दार आणि आतून आडणा बसवून घ्या, परसात हालचालीने लागणारा दिवा लावा. चोराला दार उघडायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ 112 ला फोन करायला आणि शेजाऱ्यांना जागे करायला तुम्हाला मिळेल. झोपण्याच्या खोलीला आतून भक्कम कडी असू द्या आणि फोन व चष्मा रात्री उशाशीच ठेवा. आसपासच्या बंगल्यांतील मंडळींना एका रविवारी चहाला बोलावून रात्री कोणाचा दिवा पेटला तर कोणी कोणाला फोन करायचा, हे ठरवून टाका. त्या बैठकीला पत्नीलाही बसवा, म्हणजे हाक मारली तर कोण धावून येणार आहे, हे त्यांना नावानिशी कळेल.