भविष्याची काळजी देवावर सोपवून मन खरोखर शांत होते का?

आपण लिहिले आहे की कंपनीत कर्मचारीकपातीची चर्चा सुरू झाल्यापासून झोप लागत नाही आणि घरची मंडळी ‘देवावर भार टाक’ म्हणतात तेव्हा ती पळवाट वाटते. हाच शब्द माझे थोरले बंधू आमच्या वडिलांविषयी वापरत आले आहेत, म्हणून हे उत्तर.

आमची शेती लातूर जिल्ह्यात, सगळी कोरडवाहू. २०१५ साली जूनच्या पावसावर सोयाबीन पेरले, ते उगवले, आणि पावसाने दडी मारली ती जुलै सरत आला तरी मोडली नाही. अधिक आषाढामुळे त्या वर्षी एकादशी २७ जुलैला आली. म्हणजे पीक माना टाकत होते नेमके तेव्हाच तात्या नेहमीप्रमाणे गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला निघाले. दादा पुण्यात नोकरीला. कर्ज काढून बोअर घ्या, हा त्याचा आग्रह तात्यांनी मानला नाही, तेव्हा ‘पीक करपत असताना टाळ कुटत निघालेला बाप’ असे तो फोनवर बोलला आणि ते आईने ऐकले.

दादा जे कधी सांगत नाही ते असे की, निघण्यापूर्वी तात्यांनी पीकविम्याची व्यवस्था केली होती, पाऊस लांबला तरी तग धरेल म्हणून सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी आधीच घेतल्या होत्या, जनावरांसाठी कडबा राखला होता आणि माझ्या बहिणीचे लग्न वर्षभर पुढे ढकलावे लागेल, हे पाहुण्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगितले होते. एवढे झाल्यावर उरला फक्त पाऊस, जो ना तात्यांच्या हातात होता ना दादाच्या. देवावर टाकला तो एवढाच भार.

सोयाबीन गेले. तूर थोडीफार हाती लागली, विम्याचे पैसे उशिरा आले आणि त्यांत खर्चही निघाला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, यावरून त्या वर्षाची कल्पना यावी. विठ्ठलाने आमचे पीक वाचवले नाही, आणि तात्यांनी ते त्याच्याकडे मागितलेही नव्हते. ‘नोकरी टिकू दे, मग अभिषेक करीन’ असे आपण म्हणत असाल तर झोप लागणार नाही, असे मी स्पष्टच सांगतो. नवस हा सौदा आहे, आणि सौदा करणाऱ्याचे लक्ष निकालावर खिळलेले राहते.

दादा ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही ओळ टोमण्यासारखी वापरतो. ती ज्यांची, त्या तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी गमावली होती. भरल्या पोटी दिलेला उपदेश नव्हे तो.

आपल्यापुरते म्हणाल तर घरखर्चाचा हिशेब मांडावा, जमेल तेवढी शिल्लक बाजूला काढावी, दुसरीकडे अर्ज करावेत आणि मग संध्याकाळी ठरल्या वेळी नामस्मरणाला बसावे. हा क्रम उलटा करू नये. अर्थात, तात्यांच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज नव्हते आणि घरात धान्य होते. ज्याचे घरच गहाण पडले आहे त्याला हे ऐकवण्याचा अधिकार मला नाही. झोपेची तक्रार आठवड्यांमागून आठवडे चालूच राहिली तर डॉक्टरांना दाखवावे, त्याने श्रद्धेला काही बाधा येत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात ज्यांनी कर्ज काढून बोअर घेतले, त्यांतले बहुतेक कोरडे गेले. तात्या घरी थांबले असते तर पाऊस पडला असता का, असे मी दादाला प्रत्येक दिवाळीत विचारतो. तो म्हणतो, आणखी खोल जायला हवे होते.