चिकूची वाडी, वायनरीचे कर्ज आणि सतरा वर्षांचा मुलगा

सप्रेम नमस्कार.

डहाणूजवळच्या गावाहून आलेले आपले सहा पानी पत्र मी तीनदा वाचले. आपल्या पणजोबांनी लावलेली काळीपत्ती जातीच्या चिकूची वाडी, पुढच्या पिढ्यांनी ती कशी राखली आणि आठ वर्षांपूर्वी कर्ज काढून आपण वाडीतच चिकूच्या वाइनची छोटी वायनरी कशी उभी केली, हे आपण फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. प्रश्न मात्र शेवटच्या चार ओळींत आला आहे. मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, अकरावीत त्याला 71 टक्के गुण मिळाले, त्याला रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जायचे आहे. आपल्याला मात्र त्याने वाइनचे शिक्षण घेऊन पाचवी पिढी म्हणून वायनरी हाती घ्यावी असे वाटते, तर त्याने कोणती प्रवेश परीक्षा द्यावी, असे आपण विचारता.

गुणांची मला काळजी वाटली नाही. आपल्या पत्रातील दोन वाक्यांची वाटली. ‘जीभ तयार व्हावी म्हणून पंधराव्या वर्षापासून मी त्याला माझ्याबरोबर चव घ्यायला बसवतो’ हे त्यांतले एक. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाधारक या नात्याने हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. हा प्रकार आजपासून बंद करावा. यावर मला चर्चा करायची नाही.

दुसरे वाक्य, ‘ऐकले नाही तर बारावीनंतरची फी मी भरणार नाही.’ हे वाक्य आपण मुलासमोर उच्चारले आहे, असे पत्रावरून दिसते. त्यातून काय घडले आहे याचा आपण विचार केला आहे का? उद्या मुलगा ‘हो’ म्हणाला, तर तो वाडीला हो म्हणाला की फीला, हे आपण कशावरून ओळखणार? आजवर त्याच्या मनात वाडीविषयी जी काही ओढ असेल, तीही आता त्याला उघडपणे दाखवता येणार नाही, कारण ती दाखवली की आपण तिला संमती समजाल. सहा पानांत आपण झाडांविषयी, टाक्यांविषयी आणि बँकेविषयी लिहिले. मुलाला मत्स्यविज्ञान का शिकायचे आहे याविषयी ‘सदा खाडीवर पडलेला असतो’ एवढेच लिहिले. जो मुलगा वर्षानुवर्षे खाडीवर जातो, तो तेथे काय पाहतो, हे आपण त्याला एकदाही विचारलेले दिसत नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

आपण लिहिता की युरोपात एकच घराणे सहाशे वर्षे वाइन करते, मग आपल्याकडे पाचव्या पिढीतच माळ का तुटावी? हा गैरसमज मोठा आहे. इटलीतील फ्लॉरेन्सचे अँटिनोरी घराणे 1385 पासून या व्यवसायात आहे, सव्वीस पिढ्या झाल्या, हे खरे आहे. परंतु त्या घराण्याची जी वाइन जगभर सर्वाधिक नावाजली गेली, ती तिन्यानेल्लो, 1971 च्या हंगामापासून घडवली ती जाकोमो ताकिस या पगारी वाइनतज्ज्ञाने. तो त्या घराण्यातला नव्हता. पुढे मुलगा नसलेल्या पिढीत जबाबदारी तीन मुलींनी घेतली. दुसरीकडे फ्रान्समधील बर्गंडीत 1804 च्या नेपोलियनच्या नागरी कायद्याच्या संहितेने सर्व अपत्यांना समान वाटा दिला, पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या होत गेल्या, आणि आज क्लो द वुजो या सुमारे 50 हेक्टरांच्या एका प्रसिद्ध मळ्याचे सुमारे 80 मालक आहेत. म्हणजे मळा टिकवण्याची रीत प्रत्येक ठिकाणी वेगळी झाली आहे. थोरल्या मुलाला सतराव्या वर्षी बांधून घालणे ही त्यांतली सर्वमान्य रीत नव्हे. मालक असणे आणि वाइन घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपण आधी मान्य केले तर निम्मा ताण येथेच उतरेल. आपल्या वाडीतले चिकूचे कलमदेखील खिरणीच्या, म्हणजे दुसऱ्याच झाडाच्या, मुळांवर उभे आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता बाटल्यांकडे वळतो, कारण मुलाच्या शिक्षणाची घाई तेथूनच सुरू झाली असावी असे मला वाटते. वाइन गढूळ राहते आणि काही पिंपांत आंबूस वास येतो, मुलगा शिकून आला की हे सुधारेल, असे आपण लिहिले आहे. चिकूत साखर भरपूर आणि आम्लता फार कमी असते. आम्लता कमी असली की नको असलेल्या जिवाणूंना रान मोकळे मिळते आणि वाइन टिकवण्यासाठी घालायच्या सल्फर डायऑक्साइडची मात्राही नीट लागू पडत नाही. म्हणून आंबवण्याआधी आम्ल मोजून घालावे लागते. गढूळपणाचे नेहमीचे कारण गरातला पेक्टिन हा चिकट घटक असतो, त्यासाठी पेक्टिनेज हे विकर वापरतात. अनुभवी वाइनतज्ज्ञाला एका हंगामापुरते मानधन देऊन बोलावले, तर तो आपल्या पिंपांची तपासणी करून नेमका दोष सांगू शकेल. त्यासाठी मुलाच्या पदवीची वाट पाहिलीत, तर चार वर्षांचे हंगाम हातचे जातील आणि कर्जाचे हप्ते काही थांबणार नाहीत.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो: मत्स्यविज्ञान, कृषी आणि अन्नतंत्रज्ञान यांच्या पदवी प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी आणि विषयांची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. वाइनचे म्हणून जे शिक्षण आपल्या मनात आहे, ते पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये एमएस्सीच्या पातळीवर, म्हणजे पदवीनंतर मिळते. तेव्हा बारावीतच त्यासाठी भांडण्याचे कारण नाही. मत्स्यविज्ञानाच्या पदवीतही सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्रक्रिया तंत्रज्ञान शिकवतात, परंतु हे वाक्य आपण मुलाला परत ओढण्यासाठी वापरू नये, अशी माझी विनंती आहे. तो माशांसाठी जात असेल तर त्याला माशांसाठीच जाऊ द्यावे.

आणखी एक गोष्ट आपण ओघात लिहून गेलात, ती मला फीच्या धमकीइतकीच गंभीर वाटते. वाडीच्या सातबाऱ्यावर आपल्यासह एक काका आणि दोन बहिणी यांची नावे आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे आपल्याला माहीत असेलच. मग जी वाडी आपल्या एकट्याची नाही, ती आपण मुलाला बक्षीस म्हणून देऊ करत आहात आणि न घेतल्यास शिक्षाही देत आहात. आधी बहिणींना बोलवा, काकांना बोलवा, जाणत्या वकिलाला बसवा आणि कोणाचा वाटा किती, वायनरी कोणाच्या नावे, कर्ज कोणाच्या डोक्यावर, हे कागदावर आणा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला जामीनदार म्हणून सही करायला लावू नका. कर्ज आपण काढले, ते फेडण्याची योजनाही आपलीच असली पाहिजे. आपण 48 वर्षांचे आहात. वायनरी चालवायला आपल्यापुढे अजून बरीच वर्षे आहेत.

दिवाळीच्या सुटीत आपण आणि मुलाने मिळून खाडीवर जावे. तेथे आपण विचारावे आणि त्याने सांगावे. त्याआधी फीविषयीचे वाक्य आपण मागे घेतले आहे, हे त्याला त्याच्या आईसमोर स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यानंतर त्याला माझ्याशी बोलावेसे वाटले, तर त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहावे. ते आपण वाचू नये आणि त्याने काय लिहिले हेही विचारू नये. मी त्याला वेगळे उत्तर देईन.