२०१९ च्या पराभवावर ब्रिटनमधील डाव्यांची प्रतिक्रिया काय होती?

१२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला अवघ्या २०२ जागा मिळाल्या. १९३५ नंतरची ही नीचांकी संख्या होती. डाव्या गटातील बहुतेकांनी पराभवाचे खापर ब्रेक्झिटवर, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर, फोडले. याच नेत्याने, जवळपास याच कार्यक्रमावर २०१७ मध्ये ४० टक्के मते मिळवली होती. मधल्या काळात पक्षाने ब्रेक्झिटवर दुसरे सार्वमत घेण्याची भूमिका घेतल्यामुळेच उत्तरेकडील जुने कामगार मतदारसंघ दुरावले, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहेच. परंतु बोल्सोव्हर या खाणकामगारांच्या मतदारसंघात डेनिस स्किनर हरले, ते १९७० पासूनचे खासदार, कट्टर डावे आणि स्वतः ब्रेक्झिटचे समर्थक होते, हे त्या युक्तिवादात नीट बसत नाही. काटकसरीचे धोरण, विषमता आणि हवामान या मुद्द्यांवरील वाद आपण जिंकला, पण त्याचे रूपांतर बहुमतात करता आले नाही, असे कॉर्बिन यांनी म्हटले. पराभूत उमेदवारांना हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी! नेत्याविषयीची नाराजी आणि जाहीरनाम्यातील आश्वासनांची भाऊगर्दी यांवर मात्र या गटात तुलनेने कमी बोलले गेले. एप्रिल २०२० मध्ये पक्षाचे नेतृत्व किअर स्टार्मर यांच्याकडे गेले.