अंधारात रास्पबेरी पायचा कॅमेरा: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी टपालात एकाच दुखण्याच्या तक्रारी आल्यात, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला कॅमेरा लावलाय, दिवसा झकास चालतो आणि अंधार पडला की रुसतो. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला.

प्रश्न: सर, माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ आणि कॅमेरा मॉड्यूल २ आहे. रात्री आकाशाकडे तोंड करून ठेवतो. १० सेकंदांचं एक्सपोजर, म्हणजे तेवढा वेळ उजेड गोळा करणं, हवं म्हणून शटर १०००० दिलं, तर फोटो जवळजवळ काळाच आला. नंतर शटर वाढवत गेलो तर उजेड आला पण सगळीकडे वाळू सांडल्यासारखे दाणे. आणि एक फोटो निघायला इतका वेळ लागतो की वाटतं पाय हँग झालाय. नक्की काय चुकतंय?

उत्तर: पहिली चूक आकड्यातच आहे आणि ती जवळपास प्रत्येकाची होते, माझीही झाली होती. शटरचा आकडा मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात असतो. म्हणजे एका सेकंदासाठी १० लाख, आणि तुम्हाला हव्यात त्या १० सेकंदांसाठी १ कोटी लिहायचे, शून्यं मोजून. तुम्ही १०००० दिलेत म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, तेवढ्यात चांदण्याचं काय पोचणार सेन्सरपर्यंत, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपपर्यंत. मात्र वर मर्यादा पण आहे. मॉड्यूल २ मधला सोनीचा आयएमएक्स२१९ सेन्सर जास्तीत जास्त पावणेबारा सेकंदच उघडा राहतो, तुम्ही २० सेकंद मागितलेत तरी तो गुपचूप तेवढंच देणार.

आता दाण्यांचं. तुम्ही फक्त शटर ठरवलंत, गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, ठरवला नाहीत. गेन सांगितला नाही तर कॅमेरा तो स्वतः ठरवतो, अंधार दिसला की घाबरून वर वर नेत बसतो, आणि गेन म्हणजे काही उजेड नाही हो, रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आवाज मोठा केल्यासारखं आहे ते, गाणं मोठं होतं आणि खरखर पण मोठी होते. त्यात या सेन्सरचा खरा, म्हणजे अ‍ॅनालॉग गेन साधारण १०.६ पर्यंतच जातो, त्याच्या पुढचा आकडा दिलात तर बाकीचं नुसतं गुणाकाराचं काम, हातात काहीच नवीन येत नाही. त्यामुळे आधी वेळ पूर्ण वापरा, मग गेनला हात लावा. १० सेकंद आणि गेन ४ पासून सुरू करा, अगदीच काळं वाटलं तर ८. शहरातल्या दिव्यांमुळे आकाश पांढुरकं होत असेल तर उलट २ वर या.

तारे लांब रेषा होतील अशी भीती काही जणांना वाटते. या लेन्सवर ती फार नको. फोकल लेंग्थ जेमतेम ३ मिलिमीटर आहे आणि पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा, गणित केलं तर १० सेकंदांत तारा फार तर २ पिक्सेल सरकतो. मोठी लेन्स लावणाऱ्यांनी मात्र हे गणित स्वतःच्या आकड्यांनी परत करावं.

वेळ का लागतो ते ऐका. फोटो काढणारा प्रोग्रॅम, नव्या सिस्टिमवर त्याचं नाव आरपीआयकॅम-स्टिल, जुन्यावर लिबकॅमेरा-स्टिल, तो आधी ५ सेकंद प्रिव्ह्यू दाखवतो आणि त्या वेळात उजेड आणि रंग यांचा अंदाज घेत असतो. एक फ्रेमच १० सेकंदांची असली आणि अंदाजाला चार-सहा फ्रेम लागल्या तर मिनिट कुठे गेलं कळत नाही. उपाय असा की त्याला अंदाज घ्यायला काही शिल्लकच ठेवू नका. शटर तुम्ही द्या, गेन तुम्ही द्या, व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे फोटोतला लाल आणि निळा किती वाढवायचा त्याचे, दोन आकडे एडब्ल्यूबीगेन्स या ऑप्शनमध्ये तुम्ही द्या आणि सोबत इमिजिएट हा ऑप्शन लावा, मग तो प्रिव्ह्यू टाळून सरळ फोटोच घेतो. व्हाइट बॅलन्सला बरेच जण १,१ देतात, चालतं, पण फोटो हिरवट येतो. त्यापेक्षा दिवसा ढगाळ उजेडात एक फोटो ऑटोवर काढा, मेटाडेटाची, म्हणजे फोटो कोणत्या सेटिंगने निघाला त्या नोंदींची फाईल सेव्ह करा, त्यात कॅमेऱ्याने स्वतः कोणते कलर गेन वापरले ते लिहिलेलं असतं, तेच रात्री वापरा.

फोटोसोबत रॉ, म्हणजे सेन्सरकडून आलेला कच्चा डेटा असलेली फाईलही घ्या, डीएनजी मिळते. आणि एका फोटोवर जीव टाकू नका, तोच फोटो १६ वेळा काढा आणि तारे एकमेकांवर बसवून सगळ्यांची सरासरी करा. दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, तारे मात्र तेच राहतात, त्यामुळे १६ फोटोंत नॉइज, म्हणजे हे दाणे, पाव होतो, म्हणजे वर्गमूळाचा हिशोब. असं करणार असाल तर डीनॉइज हा दाणे पुसणारा ऑप्शन ऑफ ठेवा, नाहीतर तो बारीक तारे पण दाणे समजून पुसून टाकतो. याच वेळी लेन्सवर टोपण ठेवून त्याच शटरचे, त्याच गेनचे पाच-दहा काळे फोटो काढून ठेवा. त्यात लाल-निळे ठिपके दिसतील ते हॉट पिक्सेल, ते नंतर वजा करता येतात. फक्त काळे फोटो त्याच रात्री काढा, कारण सेन्सर गरम झाला की ठिपके वाढतात, दुपारी काढलेले रात्री उपयोगाचे नाहीत. यावरूनच, कॅमेरा पायच्या प्रोसेसरच्या डोक्यावर चिकटवून ठेवू नका, रिबन थोडी लांब घ्या आणि त्याला गार जागा द्या.

अजून एक, फोकस. सोबत पांढरी प्लॅस्टिकची चकती आली असेल, ती लेन्स फिरवायलाच असते. दिवसा लांबच्या टॉवरवर किंवा डोंगरावर फोकस लावून घ्या आणि रात्री हात लावू नका.

प्रश्न: पक्ष्यांच्या घरट्याच्या पेटीत नोआयआर कॅमेरा लावलाय, आयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे एलईडी पण आहेत. तरी फोटो पांढराफटक येतो आणि मधोमध गोळा दिसतो. दिवसा सगळं गुलाबी. कॅमेरा खराब आहे का?

उत्तर: कॅमेरा ठणठणीत आहे. नोआयआर म्हणजे त्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नाही एवढंच, म्हणून दिवसा उन्हातलं इन्फ्रारेड रंगांत मिसळतं आणि पानंसुद्धा गुलाबी दिसतात. नोआयआरसाठी रंग-उजेडाच्या सेटिंगची वेगळी ट्युनिंग फाईल असते, ती लावली तर थोडं सावरतं, पूर्ण नाही, त्या कॅमेऱ्याकडून खऱ्या रंगांची अपेक्षाच ठेवू नका. रात्री तर नुसत्या इन्फ्रारेडमध्ये रंग असा नसतोच, सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, ० करा, स्वच्छ ब्लॅक अँड व्हाइट मिळेल आणि डोळ्याला बरं वाटेल.

मधला पांढरा गोळा बहुतेक कॅमेऱ्यासमोरच्या काचेमुळे येतो. एलईडी आणि कॅमेरा दोन्ही एकाच काचेमागे असले की एलईडीचा उजेड काचेवरून परत सरळ लेन्समध्ये येतो. एलईडी काचेच्या बाहेर काढा, किंवा लेन्सभोवती काळ्या फोमची रिंग करून ती काचेला घट्ट टेकवा. पेटी लहान असेल तर एलईडी सरळ पक्ष्यावर न मारता छताकडे वळवा, वरून परतून येणारा मऊ उजेड पुरतो. एलईडी ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात फिकट लाल ठिपका दिसतो, ९४० वाल्यांचा अजिबात दिसत नाही पण सेन्सरला ९४० कमी दिसतं, त्यामुळे उजेड जास्त लागतो किंवा शटर लांब ठेवावं लागतं. घरट्यात मी ९४०च घेईन. पिल्लांना त्रास देऊन मिळालेला फोटो काय कामाचा.

प्रश्न: पायथॉनमध्ये पिकॅमेरा२ ही कॅमेऱ्याची लायब्ररी वापरतो. एक्सपोजर टाइम २ लाख दिला तरी व्हिडिओ तेवढाच काळोखा. आकडा घेतच नाही.

उत्तर: घेईल कसा, तुम्ही त्याला सेकंदाला ३० फ्रेम मागताय. ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद, त्यात २०० मिलिसेकंदांचं शटर बसणार कुठे, तो ३३ वर येऊन थांबतो आणि एरर पण देत नाही. व्हिडिओ कॉन्फिगरेशन हे ३३ स्वतःच लावून ठेवतं. फ्रेम ड्युरेशन लिमिट्स या सेटिंगमध्ये दोन्ही आकडे २ लाख करा, म्हणजे सेकंदाला ५ फ्रेम, मग एक्सपोजर खरोखर वाढेल. हलणारं काही असेल तर ते धूसर येणार, हा सौदा मान्य असला तरच करा. कंट्रोल, म्हणजे ही सेटिंग्ज, कॅमेरा सुरू करण्याआधी द्या, चालू असताना दिले तर लागू व्हायला काही फ्रेम जातात आणि माणूस समजतो की झालंच नाही. आणि मेटाडेटा वाचायची सवय लावा. तुम्ही काय मागितलंत ते सोडा, कॅमेऱ्याने खरं किती एक्सपोजर आणि किती गेन दिला ते तिथे लिहिलेलं असतं. माझे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

मॉड्यूल २ असेल तर १६४० बाय १२३२ चा मोड पण करून बघा. त्यात चार-चार पिक्सेल एकत्र होतात, दाणे कमी दिसतात आणि दृश्य पूर्ण राहतं, फुल एचडीच्या मोडमध्ये मात्र कडा कापल्या जातात.

प्रश्न: कॅमेरा मॉड्यूल ३ रात्री फोकस शोधत राहतो, एक फोटो नीट तर पुढचा धूसर.

उत्तर: अंधारात त्याला धरायला काही सापडत नाही म्हणून लेन्स पुढेमागे करत बसतो. ऑटोफोकस मोड मॅन्युअल करा आणि लेन्स पोझिशन आकड्यात द्या. ० म्हणजे अनंत अंतर, बाकी हिशोब मीटरच्या उलट, अर्ध्या मीटरला २, पाव मीटरला ४. झालं.

प्रश्न: अंधारासाठी म्हणून एचक्यू, म्हणजे हाय क्वालिटी कॅमेरा घ्यावा का?

उत्तर: पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा आहे, म्हणजे मॉड्यूल २ च्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळ, एक्सपोजर ११ मिनिटांच्याही वर जातं आणि लेन्स बदलता येते. यातलं शेवटचं सगळ्यात मोठं. एफ २.८ ची लेन्स काढून एफ १.४ (आकडा लहान, लेन्सचं तोंड मोठं) लावलीत तर उजेड चौपट येतो, तेवढ्याच एक्सपोजरमध्ये एवढी उडी कुठल्याच सेटिंगने मिळत नाही. पण लेन्स वेगळी घ्यावी लागते, ती जड असते, तिला धड स्टँड लागतो. मॉड्यूल २ वर शटर, गेन आणि सरासरी हे सगळं करून झालं असेल आणि तरीही कमी पडत असेल तर घ्या, त्याआधी नको.

प्रश्न: प्रत्येक लांब एक्सपोजरच्या फोटोत एका कोपऱ्यात हिरवट झाक येते. लेन्स आतून पुसली तरी जात नाही.

उत्तर: लेन्स उगाच उघडू नका. याच झाकेपायी मी दोन रात्री डब्याच्या फटी चिकटपट्टीने बुजवत बसलो होतो आणि शेवटी दोष निघाला डब्याच्या आतच, पायवरचा तो चिमुकला हिरवा दिवा, मेमरी कार्ड वाचताना लुकलुकतो तो. १० सेकंदांच्या एक्सपोजरला तेवढा पुरतो. दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा लावा आणि कॅमेरा व बोर्डाच्या मध्ये काळा कागद ठेवा.