चवथीनंतर उरलेले खोके

प्रश्न : डिचोलीत आमची बिस्किटं-साबणाची एजन्सी आहे. मुलगी टीवाय बीकॉमला आहे. तिला सप्लाय चेनमध्ये (कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवण्याच्या कामात), त्यातही इन्व्हेंटरी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कुठे किती माल ठेवायचा ते ठरवण्यात जायचंय. गोदामातले खोके मोजायला मुलीला कशाला पाठवू? वर ती म्हणते, आपला रोजचा स्टॉक कंपनीला दिसू द्या. महिनाअखेरीला माल गळ्यात मारणाऱ्यांना घरातलं सगळं दाखवायचं? — एक पालक

उत्तर : नमस्कार. पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मुलीला जो विषय शिकायचाय, त्याची खरी गाठ तुम्ही एका ओळीत दाखवली आहे.

गणेश चवथ आठवा. साखळी गावातल्या दुकानदाराला दहा खोके पुरणार असतात. कमी पडू नयेत म्हणून तो पंधरा सांगतो. पावसात चोर्ला घाटात दरड आली तर गाडी अडकेल, म्हणून तुम्ही त्यावर आणखी चढवता. कंपनीचा डेपो आणखी. गिऱ्हाईक मात्र नेहमीपेक्षा थोडंच जास्त नेतं. उरलेलं तुमच्या गोदामात, एक्सपायरीची वाट बघत.

याला बुलव्हिप म्हणतात. चाबूक मुठीशी जरासा हलतो, टोकाला सणसणतो. डायपर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हे डायपरच्या मागणीत दिसलं. बाळं बिचारी रोज सारखीच लंगोट ओली करतात, मग मागणीत एवढे चढउतार कुठून आले? 1980च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने त्यांना आपल्या विक्रीचे आकडे दाखवायला सुरुवात केली आणि माल कधी, किती भरायचा हे कंपनीने बघायचं ठरलं. असं जुळवून आणणारं माणूस दोन्हीकडे लागतं. मुलीला ते व्हायचंय. खोके मोजायला स्कॅनर आहे.

आता तुमची भीती. ती रास्त आहे. एरिया मॅनेजरचं टार्गेट प्रायमरीवरच, म्हणजे तुमच्याकडे उतरवलेल्या मालावर मोजलं जाणार असेल, तर स्टॉक दाखवून त्याला तुमच्या गोदामातली रिकामी जागा तेवढी कळेल. म्हणून आधी कागदावर घ्या : प्रत्येक मालाची किमान-कमाल पातळी किती, त्यावर आलेला माल परत कोण नेणार, एक्सपायरी कोण सोसणार, स्कीमची खबर किती दिवस आधी मिळणार. कंपनी यातलं काहीच कबूल करत नसेल तर आकडे देऊ नका, असंच मी सांगेन. पण हा मसुदा मुलीला लिहू द्या. मुलाखतीत तो एखाद्या सर्टिफिकेटपेक्षा जड पडेल.

अभ्यासाचं थोडक्यात. एक्सेल पक्कं हवं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर या विषयाचे कोर्स फुकट बघता येतात. लगेच एमबीए नको. दोन वर्षं वेर्ण्यातल्या एखाद्या औषध कंपनीत प्लॅनिंगला किंवा डिस्पॅचला काढू दे. ज्याची एक्सपायरी आधी तो माल आधी बाहेर, ही शिस्त तिथे हाडात मुरते. मग कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा देऊन साखळी गावचं जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) शेजारीच आहे; फीचा आकडा मात्र आधी विचारून घ्या. पुढची मोठी पदं बहुतेक मुंबई-पुण्याकडची. त्याची तयारी तिच्यापेक्षा तुम्हालाच करावी लागेल.

तोवर येत्या चवथीची ऑर्डर तिला काढू द्या. गेल्या दोन वर्षांची बिलं तिच्या हाती ठेवा आणि डेपोशी फोनवर तिलाच बोलू द्या.