आयफोनवर साइनिंगची त्रुटी येते तेव्हा: सर्टिफिकेट रद्द करण्याआधी नकार कोणाचा आहे ते पाहा

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला आहे. एक्सकोडमध्ये (अ‍ॅप बनवण्याच्या अ‍ॅपलच्या साधनात) तयार केलेले आपले अ‍ॅप सिम्युलेटरवर, म्हणजे मॅकच्या पडद्यावरील नकली आयफोनवर, नीट चालते. आयफोनवर सुरुवातीला ‘अनट्रस्टेड डेव्हलपर’ अशी सूचना आली, ती सेटिंग्जमधून दूर केल्यावर अ‍ॅप चालू लागले, पण आठवड्याभराने उघडेनासे झाले. मित्राला पाठवलेली फाइल त्याच्या फोनवर इन्स्टॉलच झाली नाही. आता मॅकवरही बिल्ड करताना, म्हणजे कोडचे अ‍ॅप बनवताना, ‘अनेबल टू बिल्ड चेन टू सेल्फ-साइन्ड रूट’ असा संदेश येतो, म्हणून सगळी सर्टिफिकेटे (स्वाक्षरी करणाऱ्याची डिजिटल ओळखपत्रे) काढून पहिल्यापासून सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे. आपला अ‍ॅपल आयडी मोफत असून डेव्हलपरसाठीची वार्षिक सदस्यता घेतलेली नाही, हेही आपण आवर्जून नमूद केले आहे, आणि उत्तराचा बराचसा भाग त्या एका माहितीवर अवलंबून आहे.

कृपया सर्टिफिकेटे काढू नका. या चार तक्रारींची कारणे चार निराळी आहेत आणि त्यांपैकी एकही नवे सर्टिफिकेट बनवून दूर होणारे नाही. मी चाचणीच्या कामात सतत पाहतो की त्रुटी दिसली की लोक आधी काहीतरी पुसून टाकतात आणि मग विचार करू लागतात. वास्तविक नकार मॅक देत आहे, अ‍ॅपलचा सर्व्हर देत आहे की फोन देत आहे, एवढे ठरवले तरी शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते.

सिम्युलेटरवर अ‍ॅप चालते यावरून साइनिंगबद्दल, म्हणजे अ‍ॅपवरच्या डिजिटल स्वाक्षरीबद्दल, काहीच सिद्ध होत नाही. सिम्युलेटरमधले अ‍ॅप ही मॅकवर चालणारीच एक प्रक्रिया असते. तिला प्रोव्हिजनिंग प्रोफाइल, म्हणजे फोनवर चालण्याचा परवाना, लागत नाही आणि फोनची नोंदणीही लागत नाही. खऱ्या फोनवर मात्र अ‍ॅपच्या आत दडलेली ‘एम्बेडेड डॉट मोबाइलप्रोव्हिजन’ नावाची फाइल, म्हणजेच हे प्रोफाइल, इन्स्टॉल होताना वाचली जाते, आणि पुढे अ‍ॅप उघडतानाही स्वाक्षरीची व मुदतीची तपासणी होते. कोणत्या सर्टिफिकेटने साइन करता येईल, अ‍ॅपची ओळख म्हणजे बंडल आयडी कोणता, कोणकोणत्या फोनवर ते चालेल, त्याला कोणत्या विशेष परवानग्या आहेत आणि हे सारे कधीपर्यंत वैध आहे, या पाचही गोष्टी त्या एकाच फाइलमध्ये असतात. परीक्षेच्या हॉल तिकिटावर नाव, विषय, केंद्र आणि तारीख एकत्र छापलेली असते आणि त्यांतले एक जरी जुळले नाही तरी आत सोडत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. या फाइलवर अ‍ॅपलची स्वाक्षरी असल्यामुळे तिच्यात हाताने काही बदल करून उपयोग होत नाही.

सर्टिफिकेट न काढण्याचा आग्रह का धरतो, तेही सांगतो. सर्टिफिकेट ही दोन कींच्या जोडीतली सार्वजनिक बाजू आहे. प्रत्यक्ष स्वाक्षरी होते ती प्रायव्हेट कीने, आणि ती ज्या मॅकवर सर्टिफिकेटची मूळ विनंती तयार झाली त्याच मॅकच्या कीचेनमध्ये, म्हणजे की आणि पासवर्ड साठवणाऱ्या तिजोरीत, असते. अ‍ॅपलकडे तिची प्रत नसते. कीचेनमधून ती गेली आणि आपण आधी ‘पी-१२’ या फाइल-स्वरूपात तिची प्रत काढून ठेवली नसेल, तर ती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. अ‍ॅपलच्या डेव्हलपर पोर्टलवरून सर्टिफिकेट पुन्हा उतरवून घेतले तरी ते की नसल्यामुळे निरुपयोगी ठरते. आपण एकटेच काम करत असाल तर नुकसान थोडे आहे. पण जिथे अनेकजण एकाच टीममध्ये असतात, तिथे एकाने सर्टिफिकेट रद्द केले की ते ज्या ज्या प्रोफाइलमध्ये होते ती सर्व प्रोफाइल अवैध होतात आणि ज्यांचा या प्रकाराशी काही संबंध नाही त्यांचीही बिल्ड अडतात. अ‍ॅप स्टोअरवर आधीच प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपवर परिणाम होत नाही, कारण स्टोअरमधून येणाऱ्या प्रतीवर अ‍ॅपलचीच स्वाक्षरी असते.

आता फोनकडे वळू. फोनवर एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र अशा तीन परवानग्या द्याव्या लागतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली परवानगी मॅकला दिली जाते: केबल जोडल्यावर फोन ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असे विचारतो आणि पासकोड मागतो. हा प्रश्न येतच नसेल तर आधी केबल बदलून पाहा, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. तरीही येत नसेल तर सेटिंग्जमधील ‘रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’ या पर्यायाने जुन्या जोडण्या विसरायला लावून पुन्हा जोडावे. दुसरी परवानगी म्हणजे डेव्हलपर मोड. तो २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आला आणि ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या अगदी तळाशी असतो. फोन एक्सकोडला जोडेपर्यंत हा पर्याय बहुधा दिसतच नाही, त्यामुळे ‘माझ्या फोनमध्ये तो नाही’ असे पुष्कळांना वाटते. तो सुरू केल्यावर फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्यानंतर आणखी एकदा होकार द्यावा लागतो. ही शेवटची खिडकी घाईत बंद केली तर मोड सुरू होत नाही. तिसरी परवानगी डेव्हलपरला दिली जाते, ती ‘जनरल’मधील ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ येथे. आपण पाहिलेली ‘अनट्रस्टेड डेव्हलपर’ ही सूचना या तिसऱ्या परवानगीची होती. ही परवानगी देताना फोन अ‍ॅपलच्या सर्व्हरशी पडताळणी करतो, म्हणून इंटरनेट हवे. कार्यालयातील फायरवॉल किंवा फोनवर चालू असलेला व्हीपीएन या ठिकाणी आडवा येतो, अशा वेळी मोबाइल डेटावरून प्रयत्न करावा. त्या डेव्हलपरचे शेवटचे अ‍ॅप फोनवरून काढले की ही नोंदही जाते आणि पुढच्या इन्स्टॉलला ती पुन्हा द्यावी लागते.

आठवड्याने अ‍ॅप बंद पडले यात काहीही बिघडलेले नाही. मोफत अ‍ॅपल आयडीने, म्हणजे ‘पर्सनल टीम’ने, बनणारे प्रोफाइल फक्त ७ दिवस वैध असते. ही सोय अ‍ॅपलने २०१५ मध्ये एक्सकोड ७ पासून दिली. तिचा हेतू शिकणाऱ्याला स्वतःच्या फोनवर आपले काम पाहता यावे एवढाच आहे, आणि मर्यादाही त्याच बेताने घातल्या आहेत: एका फोनवर अशी ३ अ‍ॅप आणि ७ दिवसांत १० अ‍ॅप आयडी. वर्षाला ९९ डॉलर भरणाऱ्या सदस्याचे प्रोफाइल वर्षभर चालते. मुदत संपली की उपाय सोपा आहे: फोन जोडून एक्सकोडमधून अ‍ॅप पुन्हा चालवा. फक्त दोन पथ्ये पाळा. एक म्हणजे जुने अ‍ॅप फोनवरून आधी काढू नका, कारण त्याबरोबर त्यात साठवलेली माहिती जाते. त्याच बंडल आयडीचे अ‍ॅप वरूनच बसवले तर माहिती जागेवर राहते. दुसरे म्हणजे ‘नवा बंडल आयडी देऊन पाहू’ असे प्रयोग टाळा; प्रत्येक नवा आयडी वर सांगितलेल्या १० मध्ये मोजला जातो आणि मर्यादा भरली की काही दिवस वाट पाहण्याशिवाय पर्याय उरत नाही. फोनची तारीख व वेळ स्वयंचलित ठेवलेली आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण तारीख चुकीची असेल तर वैध प्रोफाइलही मुदतबाह्य ठरू शकते.

मित्राचा प्रश्न वेगळा आहे. आपण फाइल पाठवली, पण त्याच्या फोनचा यूडीआयडी, म्हणजे त्या एकाच उपकरणाचा ओळख क्रमांक, प्रोफाइलमध्ये नाही. अशा वेळी फोन ‘इंटेग्रिटी कुड नॉट बी व्हेरिफाइड’ असे म्हणतो, आणि एक्सकोडमधून प्रयत्न केल्यास ८०१५ या अंकांनी संपणारा त्रुटी क्रमांक दिसतो. अंकांकडे लक्ष द्या. ८०१५ म्हणजे या अ‍ॅपसाठी लागू होणारे वैध प्रोफाइल सापडले नाही. ८०१६ म्हणजे अ‍ॅपने मागितलेल्या विशेष परवानग्या प्रोफाइलमधल्या परवानग्यांशी जुळत नाहीत. ८०१८ म्हणजे ज्या सर्टिफिकेटने साइन केले तेच आता वैध नाही. लोक त्रुटीचे वाक्य वाचतात आणि अंक सोडून देतात, पण नेमकी माहिती अंकांत असते.

मित्र जवळ राहत असेल तर त्याचा फोन आपल्या मॅकला जोडून एक्सकोडमधून अ‍ॅप चालवावे. नोंदणी आपोआप होते, मात्र वरच्या तिन्ही परवानग्या त्याच्याही फोनवर द्याव्या लागतात आणि ७ दिवसांची मुदत कायम राहते. तो दूर असेल आणि त्याच्याकडे मॅक असेल, तर आपला कोड त्याला देऊन त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपल आयडीने बिल्ड करू द्यावे. त्याला बंडल आयडी बदलावा लागेल, कारण आपला आयडी आपल्या टीमच्या नावे आधीच नोंदला गेला आहे आणि दुसऱ्या टीमला तो उपलब्ध नसल्याचे उत्तर मिळते. याहून अधिक लोकांना अ‍ॅप द्यायचे असेल तर सदस्यता घेणे हाच सरळ मार्ग आहे, आणि ती घेतल्यावर यूडीआयडी गोळा करत बसण्यापेक्षा टेस्टफ्लाइट ही अ‍ॅपलची चाचणीसाठीची सेवा वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे. सदस्यतेतही प्रत्येक प्रकारची उपकरणे वर्षाला १०० पर्यंतच नोंदवता येतात. टेस्टफ्लाइटला यूडीआयडी लागतच नाही, एक बिल्ड ९० दिवस चालते आणि बाहेरचे १०,००० पर्यंत परीक्षक घेता येतात. बाहेरच्या परीक्षकांसाठीचे पहिले बिल्ड अ‍ॅपलकडून तपासले जाते, त्यासाठी थोडा वेळ धरून ठेवावा.

मॅकवरची जी त्रुटी आपण लिहिली आहे तिचा फोनशी काहीही संबंध नाही. आपले सर्टिफिकेट आणि अ‍ॅपलचे मूळ सर्टिफिकेट यांच्यामध्ये ‘वर्ल्डवाइड डेव्हलपर रिलेशन्स’ नावाचे एक मधले सर्टिफिकेट असते, आणि ही साखळी तुटली की ‘अनेबल टू बिल्ड चेन’ हा संदेश येतो. या मधल्या सर्टिफिकेटची एक आवृत्ती १४ फेब्रुवारी २०१६ रोजी आणि तिच्यानंतरची ७ फेब्रुवारी २०२३ रोजी मुदतबाह्य झाली, त्यामुळे जुन्या मॅकवर जुनीच प्रत पडून असणे शक्य आहे; अ‍ॅपलच्या सर्टिफिकेट प्राधिकरणाच्या पानावरून चालू प्रत घेऊन कीचेनमध्ये टाकली की काम होते. पण याहूनही अधिक वेळा आढळणारे कारण दुसरेच असते. कीचेनमध्ये आपल्या सर्टिफिकेटपुढे लाल फुली दिसली की लोक ते उघडून ‘ऑलवेज ट्रस्ट’ निवडतात. वाचायला ते बरोबर वाटते, पण साइन करणारी प्रणाली अशी हाताने बदललेली विश्वासाची नोंद नाकारते. आपले सर्टिफिकेट आणि ते मधले सर्टिफिकेट अशा दोन्ही ठिकाणी ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ करून पाहा. आपल्या बाबतीत हेच कारण असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

मॅकवरच्याच आणखी दोन त्रुटी पुढे-मागे भेटतील. ‘डेट्रिटस नॉट अलाउड’ अशी तक्रार आली तर प्रकल्प आयक्लाउडशी जोडलेल्या डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये आहे का ते पाहा आणि तो तिथून हलवा. फाइलींना चिकटलेले अतिरिक्त गुणधर्म साइनिंगला चालत नाहीत. दूरच्या मॅकवर एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या पद्धतीने) बिल्ड करताना ‘एरर सेक इंटर्नल कॉम्पोनंट’ आले तर बहुतेक वेळा कीचेन कुलूपबंद असते. परवानगी विचारणारी खिडकी दाखवायला समोर पडदाच नसतो, म्हणून कीचेन आधी आज्ञेने उघडून साइनिंगच्या साधनाला की वापरण्याची मुभा द्यावी लागते.

एवढे करूनही नकार आला तर तर्क करण्यापेक्षा प्रोफाइल उघडून वाचा. एक्सकोडने बनवलेले अ‍ॅप फाइंडरमध्ये शोधून त्यावर ‘शो पॅकेज कंटेंट्स’ केले की वर सांगितलेली फाइल दिसते. टर्मिनलमधील ‘सिक्युरिटी’ या आज्ञेच्या ‘सीएमएस’ विभागाने ती उलगडली की साधा मजकूर मिळतो. त्यात मुदतीची तारीख, उपकरणांची यादी आणि परवानग्या वाचा, आणि एक्सकोडच्या ‘डिव्हाइसेस अँड सिम्युलेटर्स’ खिडकीत दिसणारा फोनचा ओळख क्रमांक त्या यादीत अक्षरशः तसाच आहे का ते ताडून पाहा. नेमके फोन काय म्हणतो हे हवे असेल तर मॅकवरील ‘कन्सोल’मध्ये फोन निवडून ‘एएमएफआयडी’ या प्रक्रियेचे संदेश गाळून घ्या. स्वाक्षरी तपासणारी फोनमधील प्रक्रिया तीच, आणि एक्सकोड जे एका ढोबळ वाक्यात सांगतो त्याचे खरे कारण तिथे पुष्कळदा सविस्तर सापडते.

म्हणून आधी कीचेनमधील विश्वासाची नोंद पूर्ववत करा, बंडल आयडी न बदलता बिल्ड करा, आणि आपल्या फोनवर जुन्या अ‍ॅपवरूनच ते बसवा. त्यावर ८०१६ आला तर प्रकल्पात ‘पुश नोटिफिकेशन्स’सारखी क्षमता जोडलेली आहे का ते पाहा, मोफत टीमला ती मिळत नाही, आणि सदस्यता घेईपर्यंत ती प्रकल्पातून काढून ठेवावी लागेल. अ‍ॅपबरोबर विजेट किंवा एखादे एक्स्टेन्शन असेल तर त्याचा बंडल आयडी मुख्य अ‍ॅपच्या आयडीनेच सुरू व्हायला हवा आणि त्याच्या टार्गेटमध्येही तीच टीम निवडलेली हवी, कारण त्याचे प्रोफाइल वेगळे असते आणि मुख्य अ‍ॅप बरोबर असूनही इन्स्टॉल तिथेच अडते.