ई-पुस्तकाची किंमत: आधी फाइल मोजा, मग आकडा लिहा

अ‍ॅमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या ई-पुस्तक सेवेवर, म्हणजे केडीपीवर, स्वतः पुस्तक आणणाऱ्या सोलापूरच्या तीन वाचकांनी या वेळी किमतीबद्दल विचारले आहे. पहिल्या प्रश्नातला हिशेब सगळ्यांच्याच कामाचा असल्याने तो सविस्तर देत आहोत.

प्रश्न: कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगापोळी, धपाटे अशा आपल्याकडच्या पदार्थांचे पुस्तक तयार केले आहे. त्यात तीस फोटो आहेत. १४९ रुपये किंमत टाकून ७० टक्के रॉयल्टी निवडली, तर प्रतीमागे पंचेचाळीस रुपयांच्या आसपासच आकडा दिसतो. १४९चे ७० टक्के म्हणजे १०४ रुपये व्हायला हवेत ना? (जुळे सोलापूर)

उत्तर: तफावत फाइलच्या वजनामुळे आहे. ७० टक्क्यांच्या पर्यायात किमतीतून आधी डिलिव्हरीचा, म्हणजे फाइल वाचकापर्यंत पोचवण्याचा, खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ७० टक्के मिळतात. भारतात हा खर्च दर एमबीला ७ रुपये आहे. तुमच्या आकड्यावरून फाइल साधारण १२ एमबीची दिसते. १२ × ७ = ८४. १४९मधून ८४ गेले की ६५ उरतात आणि त्याचे ७० टक्के ४५.५० होतात. करामुळे थोडा फरक पडेल, पण मोठी गळती ही आहे.

३५ टक्क्यांच्या पर्यायात डिलिव्हरी खर्च कापला जात नाही. १४९चे ३५ टक्के ५२.१५. म्हणजे आज तुम्हाला निम्म्या टक्केवारीत जास्त पैसे मिळतील! यावरून एक सोपा पडताळा निघतो: फाइलच्या एमबीला १४ने गुणा. किंमत त्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ३५ टक्के फायद्याचे, जास्त असेल तर ७०. तुमच्या बाबतीत १२ × १४ = १६८, आणि किंमत १४९.

तरी लगेच ३५वर जाऊ नका, किंमतही वाढवू नका. फोटो हलके करा. कॅमेऱ्यातला मूळ फोटो थेट वर्डमध्ये टाकला की फाइल फुगते. प्रत्येक फोटोची लांब बाजू १२०० पिक्सेलच्या आसपास आणा आणि जेपीईजीमध्ये साठवा. पीएनजीमध्ये तोच फोटो कितीतरी जड होतो. वर्डमध्ये कापलेल्या फोटोचा न दिसणारा भागही फाइलमध्ये तसाच राहतो. त्यासाठी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा आणि ‘फक्त हाच फोटो’ ही खूण काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो मात्र वापरू नका. ते आधीच इतके दाबलेले असतात की भाकरीचे पापुद्रे दिसतच नाहीत, आणि पाककृतीच्या पुस्तकात तेच तर दिसायला हवेत. एकाच कृतीचे सारखे दिसणारे दोन-तीन फोटो असतील तर एकच ठेवा.

फाइल ४ एमबीवर आली तर हिशेब असा: १४९ वजा २८ म्हणजे १२१, त्याचे ७० टक्के ८४.७०. वाचकाला एक रुपयाही जास्त न लावता तुमच्या हातात प्रतीमागे ३९ रुपये जास्त. आपल्या संगणकावर दिसणारे वजन धरू नका. फाइल चढवल्यावर केडीपीच्या किमतीच्या पानावर जो डिलिव्हरी खर्च दिसतो तोच खरा.

एक अट लक्षात ठेवा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या योजनेत नोंदवावे लागते. मग ते ९० दिवस डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही देता येत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर पूर्ण पीडीएफ टाकणेही त्यात आले. दहा टक्क्यांपर्यंतचा नमुना चालतो.

परदेशातल्या सोलापूरकरांसाठी डॉलरची रक्कम स्वतः भरा. ७० टक्क्यांच्या पर्यायात ती २.९९ ते ९.९९ डॉलरमध्येच असावी लागते, आणि १४९ रुपयांचे नुसते रूपांतर त्याच्या खाली जाते.

प्रश्न: १९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर लिहिलेले माझे पुस्तक छापून झाले आहे, किंमत २५० रुपये. ई-पुस्तकाला कागद-छपाई नाही म्हणून ४९ रुपये ठेवावेत असे वाटते. (बाळीवेस)

उत्तर: कृपा करून ठेवू नका. वाचक पैसे कागदाचे देत नाही, तुम्ही जमवलेल्या माहितीचे देतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या हुतात्म्यांबद्दल तपशिलाने वाचू इच्छिणारा माणूस ४९ आणि १७५ यांतल्या फरकामुळे थांबत नाही. असे पुस्तक खपते थोडे, पण ज्याला हवे त्याला ते हवेच असते. उलट फार कमी किंमत पाहून त्याला वाटते की आत चार पानांचा मजकूर असेल.

७० टक्क्यांसाठी आणखी एक नियम आहे: ई-पुस्तक छापील किमतीपेक्षा निदान २० टक्के स्वस्त हवे. २५०ला ती मर्यादा २०० रुपये. आमचा सल्ला १७५ ते १९९. मजकूरच प्रामुख्याने असेल तर फाइल एखाद-दोन एमबीची होईल; १९९ रुपये आणि २ एमबीला (१९९ − १४) × ७० टक्के = १२९.५० रुपये.

तुम्हाला छापील आवृत्तीचा कराच्या बाबतीतही उपयोग आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८पासून जीएसटी ५ टक्के आहे, नसलेल्यावर १८.

सवलत द्यायची तर १२ जानेवारीच्या, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाच्या आसपास द्या. केडीपीची आपोआप चालणारी ‘काउंटडाउन’ सवलत भारतात मिळत नाही, त्यामुळे किंमत हाताने उतरवावी आणि नंतर चढवावी लागेल. बदल दिसायला तीन दिवसही लागू शकतात, म्हणून ८ तारखेलाच बदला.

प्रश्न: ४० कवितांचा संग्रह आहे. मित्र म्हणतात, कायमचा फुकट ठेव. (अक्कलकोट रस्ता)

उत्तर: केडीपीवर शून्य किंमत टाकताच येत नाही. सिलेक्टमध्ये ९० दिवसांत ५ दिवस मोफत ठेवता येते, तेवढे पुरे. किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून पुस्तके वाचण्याच्या योजनेवर, मात्र फार विसंबू नका. तिथे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात, तुम्ही ठेवलेल्या किमतीवर नाही, आणि ४० कवितांची पाने ती किती होणार! किमतीच्या पानावर ७० टक्क्यांसाठी जी सर्वांत कमी रक्कम दिसेल तिच्यापासून सुरुवात करा आणि दोन महिने हलवू नका. त्या काळात मुखपृष्ठही बदलू नका, नाहीतर विक्री कशामुळे वाढली ते कळणार नाही.

त्याआधी नमुना तपासा. खरेदीपूर्वी वाचकाला सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग मोफत दिसतो. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि दोन प्रस्तावना पुढे ठेवल्या तर एवढ्या छोट्या संग्रहात त्याला एकही कविता दिसत नाही, मग किंमत कितीही ठेवा. प्रस्तावना शेवटी न्या. तुमची हस्तलिखिते जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतील तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. तसे न केल्यास वाचकाच्या फोनवर कवितेऐवजी निरर्थक अक्षरे उमटतील. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार ओळीओळीने तपासा, तिथेच सर्वाधिक चुका राहतात.